परत आलो, पण मन लागत नाही
वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांमध्ये एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटलं : "आता या देशावर विश्वासच उरला नाही." लिहिणारे कुणी परदेशात राहून आलेले, कुणाची मुलं अजून तिथेच. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. नागरी प्रश्न, कर, गृहनिर्माण संस्था आणि महसूल या विषयांतल्या सल्लागारांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : जर्मनीत अकरा वर्षं काढून दीड वर्षापूर्वी परतलो. आईवडील इथे, मुलीला मराठी यावी ही इच्छा. पण आता रोज संध्याकाळी घरी येताना डोकं फिरतं. सोसायटीसमोरचा रस्ता एप्रिलमध्ये केला, जुलैत उखडला. तीन तक्रारी केल्या, तिन्ही "निराकरण झाले" म्हणून बंद. बायको म्हणते, तुझं तिथलंच गुणगान चालू असतं. मला खरोखर वाटतं, इथे काही बदलणार नाही. परत जावं का?
एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : परत जाण्याचं नंतर बघू. आधी तुमच्या संध्याकाळच्या त्राग्याबद्दल. परदेशी गेलेल्याचं मन सुरुवातीला खुलतं, मग खचतं आणि हळूहळू सावरतं, असं नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्याला पुढचा भाग जोडला : मायदेशी परतल्यावर तशीच दुसरी घसरण येते. जाताना माणूस परकेपणाची तयारी करून जातो. घरी येताना कसली तयारी करायची, असं वाटतं, म्हणून ही दुसरी घसरण जास्त लागते. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, आणि तिला ठरलेली मुदतही नाही. एवढं मात्र पाळा : या काळात फ्लॅट विकणं, नोकरी सोडणं, मुलीची शाळा मध्येच बदलणं असे मागे फिरवता न येणारे निर्णय घेऊ नका. झोप उडाली असेल, घरात बोलणंच बंद झालं असेल, तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

मग तुलना. ती जरूर करा, पण नीट करा. दूर गेलं की आठवणीतल्या गाड्या सगळ्या वेळेवर धावतात. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे वेळेवर धरतात. हे तुमचं तोंड बंद करायला सांगत नाही. तिथल्या रस्त्यांबद्दल, पाण्याबद्दल तुम्ही जे म्हणता ते खरंच आहे. पण तिथली माणसं जात्याच शिस्तीची आणि आपली जात्याच बेशिस्त, असा निष्कर्ष काढलात की करण्यासारखं काहीच उरत नाही. जर्मनीत नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, हे तुम्ही केलेलं आहे. अशी साधी, सक्तीची, लिहून ठेवलेली कामं एकावर एक रचत गेल्यावर तिथला भरवसा तयार झाला. आपल्याकडेही तसं झाल्याचं उदाहरण तुमच्या कपाटातच आहे. एजंटशिवाय पासपोर्ट निघत नाही, हे एके काळी इथे गृहीत होतं. २०१० नंतर पासपोर्ट सेवा केंद्रं आली. वेळ आधी ठरलेली, हातात टोकन, अ, ब, क असे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद. देश तोच होता. बदलली ती कामाची पद्धत.

आता तुमचा रस्ता. एप्रिलमध्ये केलेला रस्ता जुलैत का उखडतो? डांबर आणि खडी यांच्यामध्ये पाणी शिरलं की दोघांची पकड सुटते. पाणी शिरतं कारण रस्त्याला कडेकडे उतार नसतो, किंवा पावसाळी गटाराचं तोंड रस्त्याच्या पातळीच्या वर राहिलेलं असतं. दुसरं कारण खोदाई. जलवाहिनी, वीज किंवा इंटरनेटच्या तारेसाठी चर खणतात. तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबायला हवा. प्रत्यक्षात सगळी माती एकदम लोटून वर डांबर ओततात, आणि पहिल्या दोन पावसांत चर खाली बसतो. म्हणून खड्ड्यांची रांग सरळ रेषेत दिसली तर चराचा संशय घ्या. खड्डे विखुरलेले असतील आणि खडी सुटी होऊन पसरली असेल तर पाण्याचा किंवा कमी डांबराचा. तक्रारीत हे लिहिलंत की अभियंत्याला ती नुसती ओरड वाटत नाही.

तुमच्या तक्रारी बंद का झाल्या, तेही समजून घ्या. अशा प्रणालीत किती तक्रारी मुदतीत बंद केल्या हे मोजलं जातं. खड्डा टिकाऊपणे बुजला का, ते मोजलं जात नाही. त्यामुळे खाली काम करणाऱ्याला ती "यादीत घेतली" म्हणून बंद करणं सोयीचं पडतं. पुढची तक्रार करताना खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली फुटपट्टी ठेवून काढलेल्या फोटोसह द्या, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा आणि शेवटी एकच मागणी करा : "हे काम दोष दायित्व कालावधीत असल्यास ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्त करून घ्यावे." ठेकेदाराने केलेलं काम ठरावीक काळ त्याच्या जबाबदारीवर असतं, तो हा कालावधी. तो किती हे करारात असतं.

करार पाहण्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. बरेच अर्ज इथेच फसतात : लोक "रस्ता खराब का झाला?" असं विचारतात. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, कागद द्यायला असतो. म्हणून असं लिहा :

"विषय : अमुक चौक ते तमुक चौक रस्त्याचे डांबरीकरण. कालावधी : १ जानेवारी ते ३१ जुलै. आवश्यक माहिती : मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधी नमूद असलेले कराराचे पान, या काळात याच रस्त्यावर दिलेले खोदाई परवाने. सर्वांच्या प्रती."

यातली मोजमाप पुस्तिका सर्वांत महत्त्वाची. बिल निघतं ते तिच्यावरून. समजा तिथे अशी ओळ आहे : लांबी १२० मीटर, रुंदी ६ मीटर, जाडी ०.०४० मीटर, एकूण २८.८ घनमीटर. आता उखडलेल्या खड्ड्याच्या उभ्या कडेला वरचा नवा थर वेगळा दिसतो. तो पट्टीने मोजा. रस्त्याच्या अगदी काठाला मोजू नका, तिथे थर निमुळता होतो. वेगवेगळ्या चार-पाच ठिकाणी ४० मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटर भरला, तर हिशोब १८ घनमीटरचा होतो आणि १०.८ घनमीटर कागदावरच राहतं. तरीही पत्रात कुणाला चोर म्हणू नका. मोजमापाचा तक्ता जोडून "गाभा नमुना काढून जाडी तपासावी" अशी मागणी करा. गाभा नमुना म्हणजे रस्ता छेदून काढलेला गोल तुकडा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या तिकिटासह. त्यावर ३० ते ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे प्रकरणं साचलेली असतात आणि वर्ष उलटू शकतं. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर लावा. सुनावणीला स्वतः जा, मागितलेल्या सहा कागदांची यादी हातात ठेवा आणि कोणता मिळाला, कोणता नाही, यापलीकडे एक शब्द बोलू नका.

तुम्ही परतलात त्या काळाबद्दलही एक सांगायला हवं. संविधानाच्या कलम २४३-यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबई, पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले होते. निवडणुका झाल्या जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे ज्या काळात तुम्ही "इथे कुणी ऐकत नाही" म्हणत होता, त्यातल्या बऱ्याच काळात ऐकायला बांधील असलेला नगरसेवकच नव्हता. ही फार गंभीर चूक होती आणि तिचा राग यायलाच हवा. पण तो नेमका तिथे जायला हवा. आता मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार नगरसेवकांचे, प्रभाग आहेत, आणि 'हे माझ्याकडे येत नाही' म्हणायला चौघांनाही जागा असते. म्हणून निवेदन चौघांच्या नावे एकच काढा, प्रत्येकाकडे वेगळी पोच घ्या आणि सोसायटीच्या लेटरहेडवर, सह्यांसह द्या. खड्ड्यामुळे कुणी जखमी झालं तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश लक्षात ठेवा : मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई.

राहिलं परत जाणं. एका वहीत महिनाभर रोजचा त्रास लिहा आणि प्रत्येक नोंदीपुढे खूण करा : कायद्याने सुटणारा, पैशाने किंवा घर बदलून सुटणारा, आणि आपल्या हयातीत सुटेल असं न दिसणारा. मुलीचा श्वास तिसऱ्या खुणेत येत असेल तर तो हलका धरू नका. हवेतल्या सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. तिसऱ्या खुणेची पानंच जास्त भरली तर जाण्याचा विचार रास्त आहे, त्याला पळपुटेपणा म्हणू नये. मात्र आधी तुमची कागदपत्रं तपासा. जर्मनीचा साधा कायम निवास परवाना सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिल्यास सर्वसाधारणपणे संपतो, ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय परवाना) बारा महिन्यांची सवलत असते. काही अपवाद आहेत, पण दीड वर्षानंतर तुम्हाला बहुधा नोकरी आणि व्हिसापासून नव्याने सुरुवात करावी लागेल.

प्रश्न : आखातात बारा वर्षं नोकरी करून वर्षापूर्वी नाशिकला आलो. इथे प्रामाणिक माणसालाच कर खातं छळतं असं सगळे सांगतात. तिकडच्या बँकेतले पैसे तिकडेच ठेवून गप्प बसावं का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : पैसे तिकडे ठेवा हवे तर, गप्प मात्र बसू नका. परदेशात राहत असताना कमावलेली मालमत्ता परतल्यावरही तिथेच ठेवायला परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६(४) ची मुभा आहे. शिवाय तुम्ही सध्या बहुधा 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या गटात येता. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर हा दर्जा मिळतो, आणि तो असेपर्यंत परदेशातल्या व्याजावर, भाड्यावर इथे कर नाही. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवसांचा तक्ता करून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

परतलेल्यांची चूक बहुधा दोन ठिकाणी होते. एक, एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं तसंच चालू ठेवतात. परतल्यावर बँकेला कळवून ते निवासी किंवा आरएफसी (निवासींचं परकीय चलनातलं) खात्यात बदलून घ्यायचं असतं, आणि निवासी झाल्यावर त्यावरचं व्याज करमुक्त राहत नाही. वर्ष झालंय, याच आठवड्यात बँकेत जा. दोन, पूर्ण निवासी झाल्यावर विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता रिकामा सोडतात. कर शून्य असला तरी तो भरावाच लागतो. लपवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छळाच्या ज्या कथा तुम्ही ऐकता, त्यातल्या काहींचं मूळ या रिकाम्या तक्त्यात असतं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सहा वर्षं होतो. तिथे माझं आडनाव म्हणजे फक्त उच्चारायला अवघड शब्द होता. परत येऊन भाड्याने घर शोधायला लागलो तर दलालाचा दुसराच प्रश्न, "पूर्ण नाव सांगा." नाव ऐकल्यावर तीन घरं "आत्ताच गेली." एका सोसायटीत "कमिटीची परवानगी लागते" म्हणून दोन महिने ताटकळत ठेवलं. मित्र म्हणतात, मनावर घेऊ नकोस. हा देश मी आपला का मानावा?
एक वाचक, मुंबईजवळ

उत्तर : मनावर घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून सप्टेंबर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात गांधीजींना ते म्हणाले, मला मायभूमी नाही. तेव्हा तुमचा प्रश्न कुणी देशद्रोहाचा ठरवत असेल तर त्याला हा इतिहास माहीत नाही. आपला मानण्यासाठी श्रद्धेची अट नाही. तुम्ही नागरिक आहात, आणि त्या नात्याने मागण्यासारखं काय आहे ते आता पाहू. काय नाही तेही सांगू.

सोसायटीपुरता कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सदनिका भाड्याने देण्यासाठी कमिटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवायचं असतं. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी बिनवहिवाट शुल्क घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. म्हणून यापुढे घर पसंत पडलं की मालकाला त्याच दिवशी सचिवांना सूचनेचं पत्र द्यायला सांगा आणि पोच घ्या. परवानगी मागणारं पत्र देऊ नका. एकदा परवानगी मागितली की नाकारायला जागा होते. अडवणूक झाली तर तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. अडचण अशी की भाडेकरू सभासद नसतो, तक्रार मालकाने करावी लागते, आणि शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून मालक कच खातो. हे आधीच विचारून घ्या. त्याच्या उत्तरावरून पुढचे दोन महिने कसे जातील ते कळतं.

घर विकत घेतलंत तर स्थिती अधिक भक्कम. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कलम २२ नुसार तुम्ही सभासद झाल्याचं मानलं जातं. नाकारलं तर ६० दिवसांत निबंधकांकडे अपील. अर्ज स्पीड पोस्टाने, नोंदणीसह पाठवा. तीन महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही.

जिथे कायदा तोकडा पडतो ती जागा म्हणजे एकटा घरमालक. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते आहेत. खाजगी मालकाने घर भाड्याने द्यायला नकार दिला तर तो त्यात येत नाही, आणि भाड्याच्या घरांतल्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे वेगळा सर्वसाधारण कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'फक्त पारशी' हा उपविधी ग्राह्य धरला. ही उणीव आम्हालाही खटकते आणि ती भरून काढायला कायदाच हवा. जातीवरून अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमातींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण त्यात तो प्रकार लोकांसमोर घडलेला असणं महत्त्वाचं ठरतं. दलाल फोनवर काही बोलला तर ते सिद्ध करणं जड जातं. म्हणून बोलणं शक्यतो लेखी संदेशांवर आणा आणि संदेश पुसू नका.

एक भर. जात विमानात बसून बाहेरही जाते. अमेरिकेतल्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला, आणि तो मागणाऱ्यांत तिथलेच दक्षिण आशियाई होते. इंग्लंडमध्ये तुम्हाला जे मोकळेपण मिळालं ते खरं होतं. ते मिळण्यात तुमचे शेजारी आपल्यापैकी नव्हते, याचाही वाटा असेल.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षं कॅनडात आहे. आता तिथलं नागरिकत्व घेते म्हणते. "आई, त्या देशाकडून मला काही अपेक्षाच नाहीत." यजमान जाऊन दोन वर्षं झाली, गावच्या शेतीच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. त्यासाठी ये म्हटलं तर म्हणते, तलाठ्याकडे खेटे घालायला मी येणार नाही. फोनवर दर वेळी भांडण होतं. नागरिकत्व सोडलं तर तिचं काय काय सुटेल?
एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : काकू, फोनवर तुमची दोन वेगळी कामं एकात मिसळतात, म्हणून भांडण होतं. "देश सोडू नकोस" आणि "सातबारा कर" ही दोन वाक्यं एकाच फोनमध्ये येऊ देऊ नका.

नागरिकत्वाचं आधी. कॅनडाला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. तिने तिथली शपथ घेतली की नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार इथलं आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुन्या पासपोर्टवर त्यानंतर प्रवास करणं हा गुन्हा आहे, आणि बरीच मुलं आळसाने तेच करून बसतात. मग ती ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं) काढू शकते. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, इथे राहता येतं, घर-फ्लॅट घेता येतो. सुटतं ते असं : मतदान, निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी, शेतजमीन विकत घेणं. माहितीचा अधिकारही कायद्याने फक्त नागरिकांना आहे. ती एकटी नाही. २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे. दार कायमचं बंदही होत नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असलं, तर कलम ५(१)(जी) खाली पुन्हा नागरिकत्व मागता येतं, अर्थात कॅनडाचं सोडून.

वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा मात्र नागरिकत्वाने जात नाही. वारशाने शेतजमीन तिला मिळू शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरीही असावा लागतो.

वारस नोंदीसाठी तिला यायची गरज नाही, तुम्ही एकट्याही अर्ज करू शकता. मृत्यू दाखला, जमिनीचा ८अ, सर्व वारसांची नावं, वयं, नातं आणि पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र, एवढं तयार ठेवा. अर्ज ई-हक्क पोर्टलवरून किंवा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. यजमानांची आई हयात असेल तर तीही वारस आहे, हे विसरलं जातं. मुलगी परदेशात आहे म्हणून तिचं नाव गाळायला कुणी सुचवेल, ऐकू नका. पुढे तीच नोंद वादात सापडते. नोंद आधी वारस नोंदवहीत, मग फेरफार नोंदवहीत जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. तुमचा उशीर झालाय, पण त्याने हक्क बुडत नाही.

खेटे वाचवायचे तर दर वेळी "झालं का?" न विचारता पहिल्याच दिवशी अर्जाचा क्रमांक आणि नंतर फेरफार क्रमांक लिहून घ्या. क्रमांक मिळाला की नोटिशीची स्थिती 'आपली चावडी' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. ते काम मुलीला द्या. तिथून तिला ते पाच मिनिटांचं आहे. नोंद नामंजूर झाली तर आदेशापासून ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असं मात्र समजू नका, ती महसुली नोंद आहे. वाटणीचा दस्त वेगळा.

वाटणीच्या वेळी तिची सही लागेल. येणं जमत नसेल तर तिने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं, फक्त या जमिनीपुरतं मुखत्यारपत्र तुमच्या नावे पाठवावं. त्यात गट नंबर आणि गावाचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर हवं. कागद राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून ज्या पाकिटातून तो आला, त्यावरचा टपालाचा शिक्का फाडून टाकू नका, पाकीट कागदालाच टाचून ठेवा.